समोर दोघं, मांगं कोणीच नाई

“डाव्या हातानं! अवो, डाव्या हातानं घ्या! उजव्या हातात ब्रेक हाय न तुमचा!”

फाटकाशी उभी राहून एक बाई ओरडत होती. पदर कमरेला खोचलेला, हातात पोळीची सुरळी, आणि आवाज असा की तिकडे वलगावात एखाद्या म्हशीनं दचकून दूध चोरावं. कोपऱ्यावरून एक निळं हेल्मेट आलं. हेल्मेटखाली पांढऱ्या मिशा, मिशांखाली सायकल. वेग तसूभरही कमी न करता मिशांनी डाव्या हातानं सुरळी उचलली आणि ते निघून गेले.

“समोर दोघं हायत! मांगं कोणीच नाई! चाला!” बाईंनी पाठीमागून आरोळी ठोकली.

मी समोर पाहिलं. दोघं होते खरे. एक गॅसच्या टाक्यांचा हातगाडीवाला आणि एक लंगडं कुत्रं.

आम्ही या कॉलनीत राहायला आलो त्याचा तो पहिलाच दिवस. टेम्पोतून सामान उतरत होतं. माझी बायको मिक्सर पोटाशी धरून थिजली होती. तिनं हमालाला विचारलं, “काय जी हे? शर्यत हाय का इथं?”

“कायची शर्यत, बाई,” कपाट पाठीवर घेत हमाल म्हणाला. “जेवून राहिले ते.”

तर हे आमचे शेजारी प्रल्हादभाऊ वानखडे आणि त्यांच्या सौभाग्यवती कुमुदवहिनी. भाऊ घरात बसून जेवत नसत. कॉलनीच्या मैदानाभोवती सायकलवर चकरा मारत जेवत. पहिल्या चकरेला भाजी गुंडाळलेली पोळी, मग दुसरी पोळी, मग वरण. वरण बाटलीत! सायकलवाले पाण्याची बाटली नेतात ना, तीत. शेवटी ताकाची बाटली, आणि ती रिकामी झाली की चालत्या सायकलवरून अशी फेकायची की वहिनींच्या ओच्यात पडली पाहिजे. दिवाळीला करंजी असायची. पुरणपोळीच्या दिवशी चकरा वाढायच्या.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून विचारलं, “भाऊ, घरात बसून जेवायला काय हरकत आहे?”

“सवय,” एवढं म्हणून ते गेले. चक्कर मारून आले. “मोडली का…” पुन्हा गेले. पुन्हा आले. “माणूस बी…” मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा बायकोनं निरोप दिला, “ते भाऊ म्हणून गेले, ‘मोडते’. काय मोडते जी? मिक्सर?”

मी विम्याचा एजंट. वाढवून सांगणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. धडधाकट माणसाला उद्या सकाळी तो कसा मरणार आहे हे इतक्या बारकाव्यानं सांगतो की तो संध्याकाळीच सही करतो. पण प्रल्हादभाऊंच्या बाबतीत मला मुद्दाम थोडं कमी करून सांगावं लागतं.

साठीचा माणूस, पण पोटऱ्या अशा की कातडीखाली कोणी शेंदूरजनाघाटची संत्री भरून ठेवावीत. आयुष्याचं तत्त्व एकच. “पाय टेकला का गेला माणूस.” सायकलवर असताना पाय जमिनीला लावायचा नाही. राजकमल चौकात सिग्नल लागला की सगळी अमरावती पाय टेकवून उभी. भाऊ मात्र दोन्ही पाय पायडलवर ठेवून, पुढचं चाक थोडं वाकडं करून, हवेत टांगल्यासारखे उभे. एकदा हवालदार खाली वाकून सायकलचं स्टँड शोधत होता. सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

कॉलनीतल्या एका लग्नात ते लॉनवर सायकलीवरूनच आले आणि तोल सांभाळत अक्षता टाकून गेले. स्टेजवरही चढले असते, पण नवरीच्या मामानं हात जोडले.

माझे वडील वारले तेव्हासुद्धा तसेच आले. फाटकाच्या खांबाला एक हात, दोन्ही पाय पायडलवर. बायको म्हणाली, “भाऊ, आज तरी उतरा जी.” त्यांनी मान हलवली. माणसं आली, रडली, चहा पिऊन गेली. भाऊ दुपारभर तिथंच, त्या खांबाला लागून. निघताना म्हणाले, “लांबची रेस होती बाबायची, एजंट साहेब. बरी काढली त्याईनं.” त्या दिवशी आलेल्या सगळ्या सांत्वनांपैकी माझ्या लक्षात राहिलेलं हे एकच.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस करत काय होता? हाच प्रश्न अकोल्याला इंगळे मास्तरांनी, म्हणजे वहिनींच्या वडिलांनी, पाहुण्यांना विचारला होता.

“पोरगा करते काय?”

“सायकल चालोते,” भाऊंचे मामा म्हणाले.

“कायम का टेम्परवारी?”

“आता पाय हायत तथलोक कायम.”

“फिरती असन मंग?”

“भल्ली फिरती! डोंगरं, दऱ्या, बर्फात बी जाते.”

मास्तर खूश झाले. पोस्टात आहे, अशी त्यांची समजूत झाली. डोंगरात टपाल पोचवणारा कष्टाळू सरकारी माणूस! आठवड्यात साखरपुडा उरकला. लग्नानंतर जावयानं पंजाबातल्या एका सायकल कंपनीचं नाव छापलेली रंगीबेरंगी बनियन घातलेली पाहिली, तेव्हा मास्तर म्हणे बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे पत्र नाई, पार्सल नाई, काईच घेऊन जात नाई? नुसताच जाते?”

नुसताच जात होता. वर्षानुवर्षं गेला. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती. एक सुरू झाली की दिवसभर चालायची, झोपून उठायचं की पुढच्या डोंगरावर पुन्हा तीच. कंपनी सायकल देई, कपडे देई, महिना देई, आणि भाऊ हिमाचलापासून सह्याद्रीपर्यंत देशातले दगड मोजत फिरत. सराव घरचाच, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. तिथं एकदा अस्वल मागं लागलं. पहिल्या वळणाला अस्वल पुढं होतं, तिसऱ्या वळणाला भाऊ. पाचव्या वळणाला अस्वल बसलं. भाऊ परत आले आणि त्याला बाटलीतलं पाणी पाजून पुढं गेले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगून सांगून माझा आता विश्वास बसला आहे.

“ओढ्यात सायकल खांद्यावर घेऊन पळावं लागते, तवा पाय टेकतातच न?” मी त्यांना कोंडीत पकडलं होतं.

“पयणं म्हणजे टेकणं नोय,” भाऊ म्हणाले. “थांबणं म्हणजे टेकणं.”

प्रत्येक शर्यतीत ठरलेल्या ठिकाणी वहिनी उभ्या. लग्नानंतरची पहिली सहल शिमल्याकडची होती. नवरी हिरव्या चुड्यासह एका उतारावर दिवसभर केळं आणि बाटली धरून उभी. नवरा दिवसातून दोनदा दिसला, तोही चिखलानं माखलेला. तिथंच त्यांचा संसार जमला. काय द्यायचं, कुठल्या हातात द्यायचं, पुढं किती, मागं किती, हे सगळं एका श्वासात ओरडायचं. डोंगरात माणसाला मागचं दिसत नाही. भाऊंना मागचं जे काही कळलं ते सगळं आयुष्यभर वहिनींच्या तोंडून.

मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

भाऊंनी एकदाच पाय टेकला. हिमाचलात. शर्यत त्यांच्या हातात होती. पुढं कोणी नाही, मागचा दुसऱ्या डोंगरावर. ठरलेल्या वळणावर आले तर वहिनी नाहीत. भाऊ थांबले. खाली उतरले. सायकल ढकलत उलटे वर चढले. मागचे एकेक करून सगळे पुढं निघून गेले. वहिनी सापडल्या एका दगडावर, पाय मुरगाळून सुजलेला, पण बाटली सरळ धरलेली. नवऱ्याला चालत येताना पाहिलं आणि त्या कडाडल्या, “थांबले काहून? मी इथं बसलीच हाय न? पयून चालली का कुठी?”

तिथून अकोल्याच्या स्टेशनापर्यंत वहिनी बोलल्या नाहीत. तो प्रवास केवढा लांब आहे ते नकाशात बघा. अकोल्याच्या प्लॅटफॉर्मवर उतरल्या तेव्हा म्हणाल्या, “माह्यासाठी पाय टेकाचा नाई. कधीच. सांगा.” भाऊंनी शपथ घेतली. वळकटी डोक्यावर घेऊन घेतली म्हणतात.

मग कंपनीनं नवीन पोरं घेतली. गुडघे कुरकुरू लागले. शर्यती संपल्या. पण मैदानाभोवतीचं जेवण चालू राहिलं. उलट वाढलं. आता सकाळचा चहाही बाटलीतून. कॉलनी हसायची. मीही हसायचो, अगदी पुढाकार घेऊन. “भाऊ, आता कोणाच्या पुढं जायचं आहे? तो हातगाडीवाला तर रिटायर झाला!” भाऊ मिशीत हसत निघून जात.

वहिनी भाजीवाल्यालासुद्धा “समोर दोघं हायत” म्हणून सांगत, त्याची आम्हाला गंमत वाटे. मला रोज नव्यानं विचारत, “तुमी कोणाकडचे जी?” मी रोज नवीन उत्तर देई. एकदा मी त्यांचा चुलतभाऊ झालो, एकदा तहसीलदार. बायको मात्र गप्प झाली होती. एकदा म्हणाली, “वहिनीनं काल मले चहात मीठ घालून देल्लं.” मी त्यावरही कोटी केली. काय केली ते आता आठवत नाही.

मग ती दुपार आली.

“चोर! चोर! धावा! ह्यायची सायकल घेऊन आला!”

वहिनींचाच आवाज. मी उघडाच पळालो. फाटकाच्या आत भाऊ उभे. सायकलची साखळी तुटून लोंबत होती, म्हणून ती हातानं ढकलत आणलेली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. आणि वहिनी दोन्ही हातांनी खराटा उगारून त्यांच्या अंगावर.

“कुठी हायत ते? काय केलं तू ह्यायले? सांग!”

 भाऊंनी खराट्याचा एक फटका दंडावर घेतला, दुसरा पाठीवर. सायकल वळवली आणि मुकाट्यानं फाटकाबाहेर पडले. आमच्या मागच्या अंगणात बसून त्यांनी साखळी जोडली. हात काळे, मान खाली. मग हेल्मेट चढवलं, पलीकडून मैदानाला वळसा घातला आणि कोपऱ्यावरून आले.

वहिनी खराटा टाकून फाटकाशी आल्या होत्या. चेहरा कसा उजळला म्हणता!

“आले! उशीर काहून झाला? डाव्या हातानं घ्या! समोर दोघं हायत!”

संध्याकाळी भाऊ आमच्या कुंपणाला एक हात लावून, सायकलवर तोलून उभे राहिले.  ते स्वतःच म्हणाले, “उभ्या माणसाले वळखत नाई ते आता, एजंट साहेब. चालत्याले वळखते.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस.” त्यांनी हँडल जरा वळवून तोल सावरला. “झोपाले गेलो का मले भाऊजी म्हणते. उठून दार लावून घेते आतून. मी बाहेर वसरीवर निजतो. सकायी एक चक्कर मारून आलो का मंग नवराच असतो मी.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी वाढवून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वहिनींचा भाऊ श्रीधर अकोल्याहून गाडी घेऊन आला. भला माणूस. म्हणाला, “भाऊजी, तिले नेतो मी. तुमचं वय हाय का आता दिवसभर गरगर फिराचं? अकोल्याले डॉक्टर हाय, माही बायको हाय पाहाले.”

भाऊ चकरा मारतच वाद घालत होते. श्रीधर रस्त्याच्या मधोमध उभा, माझ्यासारखाच हप्त्याहप्त्यानं उत्तरं गोळा करत.

“तुमच्या तिथं…” चक्कर. “गल्ली अरुंद हाय.” चक्कर. “दोन्हीकून गाड्या लागलेल्या रायतेत. मी फिरू कुठी?”

“तुमाले कोण फिराले सांगून राहिलं?”

“मंग ते कोणाले वळखीन तिथं?”

श्रीधर तसाच परत गेला.

पुढं भाऊ पडले. लोकांना मी सांगतो की संत्र्यांची पिकअप उलटली होती, रस्ताभर संत्री, आणि भाऊ शेवटच्या संत्र्यापर्यंत पोचले होते. खरं म्हणजे वलगावच्या पुढं सरळ, कोरड्या रस्त्यावर त्यांचा गुडघा निसटला. एवढंच. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, सायकल विसरा. भाऊ पट्टा बांधून, काठी घेऊन रिक्षातून उतरले आणि फाटकाबाहेरच माझा हात धरला.

“तिले सांगू नोका, पाय टेकला म्हणून.”

दोन दिवस वहिनी जेवल्या नाहीत. पोळी हातात घेऊन फाटकाशी उभ्या, आणि कोपऱ्याकडे नजर. भाऊ आमच्या घरात, खिडकीआड.

तिसऱ्या दिवशी मी आणि बायकोनं त्यांना सायकलवर बसवलं. दुखरा पाय नुसता सोडलेला. मी मागून सीट धरून ढकलत पळालो. माझं वजन तुम्हाला माहीत नाही. आमच्या कंपनीनं माझाच विमा दोनदा नाकारला आहे. कोपरा वळलो. माझी जीभ बाहेर, बंडी पोटावर चढलेली, चप्पल कधीच मागं राहिलेली.

वहिनींनी पोळी पुढं केली. भाऊंनी डाव्या हातानं घेतली.

“समोर कोणी नाई!” वहिनी ओरडल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांचे डोळे विस्फारले. इतक्या वर्षांत मागं पहिल्यांदा कोणीतरी होतं. “मांगं एक हाय! भल्ला जाड हाय, दमला थो! येत नाई पुढं! चाला, चाला!”

भाऊ इतके हसले की सायकल डुलायला लागली. वहिनी त्या दिवशी पोटभर जेवल्या.

आठवडाभर आमचं हे चाललं. मग गुडघा भोपळ्यासारखा सुजला, आणि बातमी अकोल्याला पोचली. श्रीधर आला. या वेळी त्यानं बहिणीचं नाव काढलं नाही. भाऊंचा पट्टा पाहिला, सूज पाहिली आणि गाडीच्या टपावर सायकल बांधायला लागला.

“हे इथं राहिली तं तुमी बसानच हिच्यावर,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “बहीण तर अशी झाली. तुमी तरी पायावर रहा, भाऊजी.”

भाऊ काठी टेकून उभे होते. अडवलं नाही. गाडी सुटली. टपावरची सायकल ऊन लागून चमकली, चाकं वाऱ्यानं हळूहळू फिरत होती. त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी हात उंच केला.

“समोर कोणीच नाई आता! चाला!” गाडी वळून दिसेनाशी झाली तशी त्या शेजारच्या काठीवाल्या गृहस्थाकडे वळल्या आणि अभिमानानं म्हणाल्या, “रेसले गेले. तुमी कोण जी?”

“त्याचाच दोस्त हाय मी,” भाऊ म्हणाले.

“बसा मंग. येतीनच ते.”

आणि ज्या माणसानं माझ्या बापाच्या मरणालासुद्धा पाय खाली टेकला नव्हता, तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. दोन्ही पाय जमिनीवर, एकमेकांजवळ नीट ठेवून.

आता रोज असंच. फाटकाशी दोन खुर्च्या. वहिनींच्या मांडीवर पोळीची सुरळी आणि वरणाची बाटली. भाऊंनी हात पुढं केला तर त्या बाटली पदराआड घेतात. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, निळं हेल्मेट दिसलं का. मी माझा धंदा करतो. “दिसले न, वहिनी! आत्ताच घाट उतरून राहिले. समोर कोणी नाई!” वहिनी शेजारच्या पाहुण्याकडे बघून मान डोलावतात. पाहुणाही डोलावतो.

काल दुपार कलली तरी दोघं तिथंच. माझ्या बायकोला राहवलं नाही. ती ताट वाढून घेऊन गेली आणि भाऊंसमोर धरलं.

“भाऊ, जेवून घ्या न दोन घास. सकाळपासून उपाशी हा तुमी.”

भाऊ कोपऱ्याकडे बघत होते.

“आता नाई,” ते म्हणाले. “ते आल्यावर.”